न्यू जर्सीहून टेक्सासला: बोटीची नोंदणी आणि बास माशाचा शोध

टेक्सासमध्ये बोट घेऊन राहायला येणाऱ्याला तीन मुदती सांभाळाव्या लागतात. गाडीप्रमाणेच बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरची नोंदणी ३० दिवसांत करावी लागते, बोटीचा जुना क्रमांक ठरावीक दिवसच चालतो आणि बोटीच्या मालकाला मासेमारीच्या परवान्यापुरते ‘येथील रहिवासी’ ठरण्यासाठी सहा महिने थांबावे लागते. म्हणजे आपली बोट आपल्याआधी टेक्सासची होते. हा क्रम ध्यानात ठेवून कामे केली, तर दर वेळी रजा काढून खेटे घालावे लागत नाहीत.

पहिले काम न्यू जर्सी सोडण्यापूर्वीच करावे. बोटीचे मूळ टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, हाताशी आहे की नाही, हे पाहावे. बोट कर्जावर घेतली असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेला निघण्याआधीच पत्र पाठवून टायटलची व्यवस्था कशी करायची ते विचारून घ्यावे, कारण या पत्रव्यवहारात बराच वेळ जातो. महाराष्ट्रात गाडी दुसऱ्या राज्यात नेताना जुन्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते; येथे तसे काही लागत नाही, मात्र जुन्या राज्याचे मूळ टायटल नव्या राज्याकडे जमा करावे लागते. त्याची आणि जुन्या नोंदणीपत्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. बोटीच्या मागच्या फळीवर उजव्या बाजूला कोरलेला बारा अक्षर-अंकांचा एचआयएन, म्हणजे हल आयडेंटिफिकेशन नंबर (बोटीचा ओळख क्रमांक), कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि त्याचे स्पष्ट छायाचित्र काढावे. एका अक्षराचा फरक असेल तर तो जुन्या राज्यात असतानाच दुरुस्त करून घेणे सोपे जाते.

न्यू जर्सीत बोटीचा व्यवहार मोटर व्हेइकल कमिशनकडे असतो, त्यामुळे टेक्सासमध्येही गाडी, ट्रेलर आणि बोट एकाच खिडकीवर उरकतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ट्रेलरची नोंदणी काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) टॅक्स असेसर-कलेक्टरच्या, म्हणजे कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात होते, तर बोट टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या खात्याच्या अखत्यारीत येते. बोटीसाठी पीडब्ल्यूडी १४३ हा अर्ज भरायचा असतो. आउटबोर्ड मोटरसाठी, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनासाठी, पीडब्ल्यूडी १४४ हा वेगळा अर्ज आहे, आणि नवख्याची गाडी बहुधा येथेच अडते. अनेक राज्यांत मोटरला स्वतंत्र टायटल नसते, टेक्सासमध्ये ते असते. म्हणून मोटरचा अनुक्रमांक आणि ती आपण विकत घेतल्याची पावती शोधून ठेवावी. बोट जुनी घेतलेली असेल तर विक्रीच्या करारात मोटरचा स्वतंत्र उल्लेख आहे का, तेही तपासावे. अर्ज खात्याच्या कार्यालयात देता येतो, आणि काही काउंटींची टॅक्स कार्यालयेही तो स्वीकारतात.

खर्चाचे म्हणाल तर तो धास्ती वाटावी इतका नाही. बोट आणि मोटर यांच्या खरेदीवर टेक्सासचा कर ६.२५ टक्के असला, तरी पूर्वीच्या राज्यात आपल्याच नावावर नोंदलेली बोट घेऊन आलेल्या नव्या रहिवाशाला बोटीमागे १५ डॉलर आणि मोटरमागे १५ डॉलर एवढाच कर पडतो. ही सवलत आपोआप मिळेल असे गृहीत न धरता अर्ज देतानाच तिचा उल्लेख करावा. नोंदणी दोन वर्षांची असते. पाय किंवा वल्ह्याने चालवायच्या कयाकला, म्हणजे अरुंद लहान होडीला, नोंदणी लागत नाही; पण तिला संथ चालीसाठीची लहानशी विजेची ट्रोलिंग मोटर जोडली की ती यंत्रचलित बोट ठरते आणि नोंदणी बंधनकारक होते.

नवा क्रमांक ‘टीएक्स’ने सुरू होतो. न्यू जर्सीचा क्रमांक खरवडून काढावा आणि नवा क्रमांक बोटीच्या पुढल्या अर्ध्या भागात दोन्ही बाजूंना, किमान तीन इंच उंचीच्या ठळक अक्षरांत, रंगावर उठून दिसेल असा लावावा. जुन्या अक्षरांचा डिंक हेअर ड्रायरने गरम केल्यास सहज सुटतो. १ सप्टेंबर १९९३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या चालकाला १५ अश्वशक्तीहून अधिक क्षमतेची बोट चालवण्यासाठी बोटिंग शिक्षणाचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे लागते. राष्ट्रीय मान्यता असलेले दुसऱ्या राज्याचे प्रमाणपत्रही चालते, म्हणून न्यू जर्सीचे कार्ड फेकून देऊ नये. २६ फुटांहून लहान बोट चालू असताना १३ वर्षांखालील मुलांनी लाइफ जॅकेट अंगात घातलेले असलेच पाहिजे. ते बाकाखाली ठेवून भागत नाही.

आता परवाना. गोड्या पाण्यातील मासेमारीचा वार्षिक परवाना रहिवाशाला ३० डॉलरना आणि परराज्यातल्या व्यक्तीला ५८ डॉलरना मिळतो. सहा महिने सलग वास्तव्य होईपर्यंत आपण दुसऱ्या गटात मोडतो, हातात टेक्सासचे ड्रायव्हिंग लायसन्स असले तरीही. परराज्यातल्यांसाठी एका दिवसाचा परवाना १६ डॉलरचा आहे. तेव्हा तीन वेळांपर्यंत जायचे असेल तर एकेका दिवसाचाच परवाना घ्यावा, त्याहून अधिक वेळा जायचे असेल तर वार्षिक परवाना परवडतो. मात्र हे वर्ष ३१ ऑगस्टला संपते, म्हणून जूनमध्ये आलेल्याने वार्षिक परवाना घेण्याआधी दोनदा विचार करावा. १७ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. शिवाय स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकायला कोणालाच परवाना लागत नाही, आणि कागदपत्रे येईपर्यंतचा काळ घालवण्यासाठी मला हाच मार्ग सर्वांत चांगला वाटतो.

न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून या काळात पकडलेला बास पाण्यात परत सोडावा लागतो. टेक्सासमध्ये असा बंद काळ नाही. सर्वसाधारण नियम किमान १४ इंच लांबी आणि दिवसाला पाच मासे असा आहे, पण तलावागणिक अपवाद आहेत. डॅलसच्या पूर्वेकडील लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक मासा सोडून द्यावा लागतो, आणि २४ इंचांचा किंवा त्याहून मोठा मासा दिवसाला एकच ठेवता येतो. हा नियम अनाठायी नाही. राज्याचा विक्रमी १८.१८ पौंडांचा बास १९९२ मध्ये याच तलावात मिळाला, आणि फ्लोरिडा जातीच्या बासची बीजे सोडून तसेच मोठे मासे राखून खात्याने हा तलाव नावारूपाला आणला.

येथे मासा शोधण्याची रीतही बदलावी लागते. टेक्सासचे जवळजवळ सगळे मोठे तलाव धरणांचे आहेत. त्यामुळे काठावरचे गवत आणि लाकडी धक्के यांच्याइतकेच पाण्याखाली गेलेले ओढे, जुने रस्ते आणि उभी झाडे महत्त्वाची ठरतात. लेक फोर्कमध्ये पाणी भरले तेव्हा बरीचशी झाडे तशीच उभी ठेवलेली होती. म्हणून खुणा केलेल्या जलमार्गाबाहेर वेगाने बोट हाकू नये, नाहीतर प्रोपेलर गेलाच म्हणून समजा. घर ह्यूस्टनच्या बाजूला असेल तर लेक कॉनरो जवळ पडतो, आणि एक मुक्काम करायची तयारी असेल तर सॅम रेबर्न या तलावाचा अफाट विस्तार आहे. टेक्सोमा तलाव ओक्लाहोमाच्या सीमेवर असल्याने तेथे दोन्ही बाजूंना चालणारा वेगळा परवाना मिळतो. नव्या तलावावर जाण्यापूर्वी खात्याने प्रसिद्ध केलेला त्या तलावाचा पाहणी अहवाल वाचावा आणि पाण्याची पातळी पाहावी, कारण दुष्काळात बोट पाण्यात उतरवायचे अनेक उतार, म्हणजे रॅम्प, कोरडे पडून बंद होतात.

अंडी घालण्यासाठी बास उथळ पाण्यात येतात ते पाणी साधारण ६० अंश फॅरेनहाइटच्या पुढे तापू लागल्यावर. न्यू जर्सीत त्यासाठी मे महिना उजाडतो. टेक्सासमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल हाच हंगाम. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र खोल थरातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा अगदी तळाशी आमिष नेण्यात अर्थ नसतो. पहाटे किंवा रात्री, ओढ्याच्या बुडालेल्या काठाशी मधल्या खोलीवर प्रयत्न करावा. झाडाझुडपांत टेक्सास रिग सर्वांत उपयोगी पडते: दोरीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिसे मोकळे ओवायचे, आणि गळाचे टोक प्लॅस्टिकच्या गांडुळाच्या अंगातच लपवायचे, म्हणजे ते फांद्यांत अडकत नाही.

पाण्याबाहेर पडल्यावर एक काम उरते, आणि ते कायद्याने सक्तीचे आहे. झेब्रा शिंपल्यांचा प्रसार रोखण्यासाठी २०१४ पासून राज्यभर गोड्या पाण्यातून बोट बाहेर काढली की तळाचे बूच उघडून लाइव्हवेलमधल्या (मासे जिवंत ठेवायच्या टाकीतल्या) पाण्यासह सर्व पाणी काढून टाकावे लागते. ठेवायचे मासे म्हणूनच बर्फाच्या पेटीतून न्यावेत. ट्रेलरच्या आसाला आणि प्रोपेलरला अडकलेले जायंट साल्व्हिनियासारखे पाणगवत रॅम्पवरच काढून कचऱ्यात टाकावे. तेथे पाणी निथळायला पाच मिनिटे लागतात, तेवढ्यात हेही उरकते.