एचआयव्ही असेल तर न दुखणारा डोळाही तपासा

डोळा लाल झाला, चिकटला की घरचे लगेच धावपळ करतात. पण खरा घात करतो तो न दुखणारा, न लाल होणारा डोळा. सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ५०च्या खाली गेला की सीएमव्ही हा विषाणू डोळ्याच्या आतला पडदा पोखरू शकतो. समोर चिलटं उडाल्यासारखे काळे ठिपके, मध्येच चमक, एका बाजूला अंधार, एवढंच जाणवतं. मेलेला पडदा पुन्हा काम करत नाही. त्यामुळे कापसाची वेचणी उरकल्यावर दाखवू, असं म्हणू नका.

सीडी-४ १००च्या खाली असेल तर आठवड्यातून एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहा. एक डोळा न दाबता तळहाताने झाका. मधल्या तारखेवर नजर रोखा. कडेच्या तारखा गायब होतात का, रेघा वाकड्या दिसतात का, ते पाहा. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाची उणीव झाकून टाकतो. मात्र आजार पडद्याच्या कडेला असेल तर या परीक्षेत सापडत नाही, म्हणून त्रास नसला तरी एकदा नेत्रतज्ज्ञाकडे जाच.

एआरटी (एचआयव्हीची औषधं) सेंटरवर चिठ्ठी घ्या आणि जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ‘बाहुली मोठी करून पडदा तपासायचाय’ असं स्पष्ट सांगा. चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही. बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं. सोबत माणूस न्या, गाडी चालवू नका.

सीएमव्ही निघाला तर सहसा व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर देतात: ४५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी, दोन संध्याकाळी, जेवणासोबत, साधारण २१ दिवस. पुढे दिवसातून एकदाच दोन गोळ्या, काही महिने. किडनी कमजोर असेल तर डॉक्टर डोस कमी करतात. गोळी फोडू नका, गरोदर बाईने हात लावू नये. पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून रक्ततपासणी चुकवू नका. आजार डोळ्याच्या मध्यभागाजवळ असेल तर डोळ्यात इंजेक्शनही देतात. एआरटी मनाने बंद करू नका. पडदा वाचतो तो शेवटी प्रतिकारशक्ती वाढल्यानेच. ती वाढताना डोळ्याला सूज येऊ शकते. अशा वेळी पुन्हा दाखवा.

कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली तर गेरू लावत बसू नका. असायक्लोव्हिर ७२ तासांच्या आत सुरू झालेलं बरं: ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ ते १० दिवस. मेडिकल दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून टाकू नका. बुबुळावर हर्पिस विषाणूची जखम असेल तर ती त्याने चिघळते.