शिफ्टचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर हरवायचे, ते असे थांबवले

अंबड एमआयडीसीतलं मशीन शॉप, ग्रुप एकच: सुप्रभात, वाढदिवस आणि ड्रॉइंगमधला बदल, सगळं त्यातच. आता सूचनांचा ग्रुप वेगळा. त्यात मेसेज पाठवायची परवानगी फक्त अ‍ॅडमिनला, आणि अ‍ॅडमिन म्हणजे दोन्ही शिफ्टचे सुपरवायझर. गप्पांचा ग्रुप खुशाल म्यूट करा.

निरोपात मशीन नंबर, जॉब, झालेले नग, अडचण एवढंच. तो 24 तासांसाठी पिन करायचा; अ‍ॅप आपणहून 7 दिवस धरतं, मग शिळा निरोप वर राहतो.

ड्रॉइंग फोटो म्हणून पाठवलं की अ‍ॅप ते दाबतं आणि 0.05 चा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) 0.06 वाटतो. रिजेक्शन, म्हणजे नग नाकारले जाणं, तिथूनच येतं! डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. निळ्या टिकांवर विसंबू नका. पुढच्या शिफ्टच्या सुपरवायझरकडून उत्तरात मशीन नंबर लिहून घ्या.