कृत्रिम गवत खचतंय, फुगतंय? डागडुजी करताना या चुका टाळा

तळमजल्याच्या फ्लॅटला लागून असलेली बाग असो, रो हाउसचं अंगण असो की सोसायटीतला मुलांचा कोपरा, कृत्रिम गवताच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. एखाद-दोन पावसाळे गेले की कुठे खळगा पडतो, कुठे जोड उघडतो, कुठे टाच दाबली की पाणी वर येतं. विकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं असतं: "साहेब, वर थोडी सिलिका (बारीक रेती) मारतो, बसून जाईल." नाही बसत. दोष गवतात क्वचितच असतो. तो खालच्या जमिनीत असतो, आणि मुंबईतली जमीन दर दोन स्टेशनांनी बदलते.

म्हणून सगळ्यात आधी खचलेल्या जागेजवळचा कोपरा उचलून खाली काय आहे ते बघा. चारकोप, गोराईकडे खाडीचा गाळ आणि त्यावर भरणी लागेल. मुलुंड, भांडुपच्या उतारावर थोडा मुरूम आणि लगेच काळा खडक. आणि कुठल्याही उपनगरात, माळ्याने कधीकाळी ओतलेली फूटभर लाल माती. या तिन्हींना एकच उपाय करणं ही सगळ्यात महागडी चूक.

लाल माती झाडांसाठी उत्तम, पण गवताखाली ती जन्मभर दबत राहते. खळग्यात नुसती रेती भरली तर पावसात ती मातीत मुरते आणि पुढच्या वर्षी खळगा तिथेच. खचलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना हातभर जास्त गवत उलटा, मऊ माती काढा, जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं) अंथरा आणि त्यावर चार इंच खडी दोन थरांत घाला. प्रत्येक थर वेगळा ठोकायचा. छोट्या जागेला हाताचा धुम्मस पुरतो, मोठ्या जागेला प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थर दाबणारं यंत्र, भाड्याने मिळतो. वर इंचभर ग्रिट, म्हणजे भुकटी नसलेली बारीक खडी. इथे गवंडी हमखास क्रशरची डस्ट सुचवतात, कारण ती सुरेख गुळगुळीत बसते. बसते खरी, पण तिच्यातली बारीक भुकटी पाण्याची वाट बुजवते.

खाडीकाठी वेगळीच गंमत. शोषखड्डा केला की काम झालं, असं लोक धरून चालतात. भरतीला तिथलं भूजल आधीच वर आलेलं असतं, खड्डा पाणी घेणार कुठे? फूटभर खोल खळगा खणून बादलीभर पाणी ओता. संध्याकाळपर्यंत ते तसंच असेल, तर पाणी खाली जाणार नाही, बाजूलाच न्यावं लागेल. शंभराला एक ते दीड असा ढाळ, आणि कडेला भोकं असलेला पाइप खडीत गुंडाळून थेट पावसाळी गटारापर्यंत. कॅटलॉगमधला निचऱ्याचा आकडा गवताच्या पाठीच्या भोकांचा असतो, तुमच्या मातीचा नव्हे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. तेवढ्याची तयारी कुणीच करू शकत नाही, पण वर्षाचा सरासरी पाऊसही दोन हजार मिमीच्या वर जातो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत.

उतारावर पाणी गवताखालून वाहतं, ग्रिट सोबत नेतं आणि खालच्या कडेला फुगवटा धरतो. तो फुगवटा कापून सपाट करू नका. वरच्या बाजूला आडवा चर खणून डोंगराचं पाणी आधीच वळवा, खालच्या कडेला बांध घाला आणि बांधात पाणी जायला भोकं ठेवा. जोड शक्यतो उताराच्या दिशेने ठेवा. आडव्या जोडात वरून येणारं पाणी शिरत राहतं.

उघडलेला जोड चिकटवतानाही घाई नडते. दोन्ही तुकड्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली आहेत ना, ते बघा. नाहीतर कितीही सफाईने जोडा, पट्टा वेगळा दिसतो. कडेचे दोन-तीन टाके पाठीमागून कापा, वरून नाही. दोन तुकड्यांमधलं अंतर गवताच्या दोन ओळींमधल्या अंतराएवढंच हवं. खाली जोडपट्टी, तिच्यावर पीयू (पॉलियुरेथेन) गोंद. पाठ ओलसर असेल तर गोंद फेसाळतो आणि धरत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर हे काम करूच नका. मे महिन्याच्या भर दुपारीही नको: तापून पसरलेलं गवत रात्री आखडतं आणि ओला गोंद ओढून नेतं. थंडीतली सकाळ उत्तम. रेतीच्या पिशव्या दुसऱ्या दिवसापर्यंत जोडावर राहू द्या.

जमीन नीट असूनही कडेला अचानक पोकळ लागत असेल तर घुशीचा संशय घ्या. बिळाच्या तोंडाशी सिमेंट ओतलं की ती दोन हात पलीकडे नवं तोंड काढते. कडेने गॅल्व्हनाइज्ड जाळी जमिनीत उभी पुरावी लागते. झाडाच्या मुळांनी गवत उचललं असेल तर मुळं तोडू नका, गवतच मागे घ्या आणि खोडाभोवती मीटरभर जागा उघडी ठेवा. आणि गच्चीवर गवत असेल तर खिळा अजिबात नको, वॉटरप्रूफिंग फुटतं.

शेवाळाला कडक नायलॉनचा ब्रश आणि पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर पुरे. बाथरूमचं ॲसिड किंवा तारेचा ब्रश नको. एकाच पट्ट्यात पाती वितळल्यासारखी दिसली तर समोरच्या टॉवरच्या काचांकडे पाहा. परावर्तित ऊन एकवटून पाती खरोखर वितळतात. तिथे आधी सावलीची जाळी लावा, मगच नवा तुकडा बसवा.

कॉन्ट्रॅक्टरला एकच अट घाला: गवत अंथरण्याआधी ठोकलेल्या थरावर तुमच्यासमोर पाव तास नळी सोडायची. डबकं साठलं तर थर पुन्हा ठोकायचा, आणि तोवर पुढचा हप्ता थांबवायचा.