पाण्यातून आल्यावर आधी डिफरन्शियल बघा

मुंबईत पावसात तुंबलेल्या हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) काढलीत, तर इंजिनाइतकीच काळजी डिफरन्शियलची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याची घ्या. धावून तापलेलं त्याचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. त्यात ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची वाट, चिखलाने चोंदलेला असेल, तर जुन्या ऑइल सीलमधून (तेल गळू न देणाऱ्या कडीतून) पाणी आत ओढलं जातं.

डिफरन्शियल उघडताना आधी वरचा, तेल भरायचा प्लग (बूच) सैल करा, मगच खालचा, तेल सोडायचा. खालून तेल सोडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, की गाडी जागची हलवता येत नाही. हा पराक्रम मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या साक्षीने केलाय.

तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी शिरलंय. सगळं काढा आणि मॅन्युअलमधल्या ग्रेडचं नवं गिअर ऑइल, गाडी सपाट जागी उभी करून, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. पुढचा डिफरन्शियलही तपासा. तो हमखास विसरला जातो. ब्रीदरला ऑइलला टिकणारी रबरी नळी जोडून तिचं टोक बॉनेटखाली उंच बांधा. खर्च किरकोळ आहे. जुनं तेल मात्र गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.