नमकीनचं युनिट चालवताय? मग बेसनवाल्याशी फक्त भावापुरतं बोलू नका

आमचं इंदूरच्या सांवेर रोडला छोटं युनिट आहे, शेव आणि मिक्स्चरचं. सुरवातीची दोन वर्षं सियागंजच्या घाऊक बाजारात फिरून जो किलोमागे रुपया कमी करेल त्याचं बेसन मी उचलायचे. मग एका दिवाळीच्या आठ दिवस आधी आलेलं बेसन इतकं रवाळ निघालं की बारीक शेवेची जाळी दर घाण्याला तुंबायला लागली, कारागीर सुईने एकेक भोक मोकळं करतायत आणि इकडे कढईतलं तेल धूर सोडतंय. त्या गिरणीवाल्याला मी कधी भेटलेच नव्हते, रात्री नऊला कोणत्या तोंडाने दुसरा माल मागणार?

तर आधी कागदावर लिहून काढा, कोण आला नाही तर भट्टी बंद पडेल. आमचे चारच निघाले, बेसन, तेल, मसाला, पाऊच. खोके-सुतळीचा भाव खुशाल करा, पण या चौघांकडे स्वतः जा. गिरणीत जाताना जाळी बरोबर न्या. मी नेली, तर गिरणीवाल्या काकांनी भोकांवरून बोट फिरवलं, म्हणाले आधीच दाखवायची ना, आणि आमच्या मालाला बारीक चाळणी लावली. भाव तोच!

दुसरं, अंदाज आधी द्या. चण्याचं नवं पीक फेब्रुवारी-मार्चपासून मंडीत येतं, गिरणीवाला तेव्हाच डाळीची सोय बघतो, म्हणून राखी ते दिवाळी किती पोती लागतील ते तेव्हाच सांगते मी. आकडा चुकतो, चालतं, पण बदलला की त्याच दिवशी फोन करायचा.

आता पैशाचं, आणि खरं नातं इथेच बनतं किंवा तुटतं. माल बनवणारा तुमचा सप्लायर उद्यम रजिस्टर्ड (म्हणजे सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदलेला) सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसताना 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पेमेंट करायचंच. उशीर झाला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय असेसमेंट इयर 2024-25 पासून मुदत टळलेला खर्च ज्या वर्षी पैसे द्याल त्याच वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येतो. म्हणून खरेदीच्या वहीत बिलाशेजारी देय तारीख लाल पेनाने लिहा. पैसे अडकलेच तर तारखेच्या आधी फोन करा, नंतर नाही.

तेलवाल्याशी जुन्या तेलाचंही बोला. टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळणात वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याचा नियम आहे, आणि दिवसाला 50 लिटरच्या वर तेल लागत असेल तर रेकॉर्ड पण ठेवावं लागतं. हे तेल नालीत ओतू नका किंवा ठेलेवाल्याला तर अजिबात विकू नका, त्याचं बायोडिझेल होतं, अधिकृत उचलणारे असतात, तेलवाल्याला बहुतेक माहीत असतात.

आणि माल खराब निघाला तर भांडण करायच्या आधी दाखवायला काहीतरी हातात हवं. दर लॉटचं शंभर ग्रॅम बेसन पाकिटात भरून, तारीख टाकून ठेवा, एक तुमच्याकडे, एक गिरणीत. मागच्या पावसाळ्यात शेव तळताना तुटायला लागली, तेव्हा दोन्ही पाकिटं समोरासमोर उघडली, त्यांचं कोरडं, आमचं दमट. चूक आमच्या गोदामाची होती, पोती थेट फरशीवर ठेवलेली. काकांनीच मग लाकडी पाट्यांवर कशी रचायची ते येऊन दाखवलं.