बाजारात बसणाऱ्यांनी धंद्याचं प्रशिक्षण घ्यावं का? बेळगावातला अनुभव

बेळगावात मार्केट यार्डापासून खडे बाजारापर्यंत जी माणसं रोज माल विकतात, त्यांना विकायचं कसं हे कुणी शिकवायला नको. येळ्ळूर, उचगाव, कडोलीकडची बाई भाजीची पाटी उतरवते आणि अर्ध्या तासात त्या दिवसाचा बाजार ओळखते. प्रशिक्षणात हाताला लागते ती दुसरीच गोष्ट, स्वतःच्या कष्टाचे पैसे हिशोबात धरायची सवय. मी मसाले-चटण्यांचा धंदा करते, आता बचत गटाच्या बायकांना हिशोबही शिकवते. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठी जावं. सर्टिफिकेट भिंतीला शोभतं, तेवढंच.

जायचं कुठं? पहिलं नाव ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं, म्हणजे आरसेटीचं. हिचं मूळ आपल्याच कर्नाटकातलं: 1982 मध्ये धर्मस्थळाजवळ उजिरे इथं रुडसेटी नावाची अशीच संस्था निघाली आणि पुढं तोच नमुना देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत नेला गेला. शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट. साधारण 18 ते 45 वयाच्या, खेड्यातल्या गरजू लोकांना आधी घेतात. चंदगडकडच्या बायकांचा बाजार बेळगावचा असला, तरी त्यांना सहसा कोल्हापूर जिल्ह्याच्या संस्थेत अर्ज करावा लागतो, हे आधीच सांगून ठेवते. कुंभार, शिंपी, सुतार, न्हावी अशा हातकामाच्या धंद्यात असाल तर केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना बघा. त्यात 18 धंदे आहेत, प्रशिक्षणाच्या दिवसाला 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे.

वर्ग कन्नडमध्ये चालतो. मी शिकायला गेले तेव्हा आमच्यात हुक्केरी-गोकाककडच्या मुली बऱ्याच होत्या, सर कन्नडमध्ये सांगत आणि आमची तोंडं बघून मराठीवर येत. कन्नड अगदीच येत नसेल तर संकेश्वर-निपाणीकडची, दोन्ही भाषा बोलणारी बाई गाठून तिच्या शेजारी बसा. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, कर्जाच्या फॉर्मवर आपण कशाखाली सही करतोय ते कळलंच पाहिजे. मुदत, व्याज, जामीन, हप्ता हे चार शब्द कन्नडमध्ये वाचता येतील एवढं तरी शिकून घ्या.

पहिले दोन दिवस खेळ असतात. रिंग टाकायची, ठोकळ्यांचे मनोरे रचायचे. लग्न झालेल्या बायका लाजतात, पुरुष कंटाळतात. पण रिंगच्या खेळात माणूस कळतो. कुणी खुंटीच्या नाकाशी उभं राहून टाकतं, कुणी उगाच लांबून टाकून सगळ्या रिंगा वाया घालवतं. उधारीवर माल उचलतानाही ती माणसं तशीच वागतात.

आता हिशोब. मी गटात कायम शेंगदाण्याच्या चटणीचं उदाहरण घेते. भाव रोज बदलतात, म्हणून आकडे नमुन्याचे समजा. शेंगदाणे 10 किलो, 140 रुपयांनी 1,400. तिखट, लसूण, जिरं, मीठ 300. भाजून साल काढली की शेंगदाण्याचं वजन किलोभर उतरतं, मसाला पडला की पुन्हा 10 किलो होतं. 200 ग्रॅमची 50 पाकिटं. इथं थांबून विचारलं, "एक पाकीट केवढ्याला पडलं?" की सगळ्या म्हणतात, 34 रुपयांना. "आणि विकताय कितीला?" 45 ला. म्हणजे 11 रुपये सुटले, सगळ्या खूश.

मग मी पिशव्या-लेबलचे 150, गॅस-विजेचे 100 आणि रिक्षाचे 100 लिहिते. पाकीट 41 वर जातं. 50 पाकिटांमागं हातात राहतात 200 रुपये. एकदा मागं बसलेली एक मावशी म्हणाली, "आणि दिवसभर मी भाजत बसले ते गे?" तेच तर! तिच्या दिवसाचे 450 धरले की पाकीट 50 रुपयांना पडतं. दुकानदाराला द्यायचं तर त्याचा वाटा आणखी वर. भाव वाढवायचा, पाकीट लहान करायचं की तो माल सोडून दुसरा धरायचा, हे तिनं ठरवायचं. पण हा तक्ता एकदा स्वतःच्या हातानं मांडलेली बाई "गिऱ्हाईक तुटेल" म्हणून डोळे झाकून भाव पाडत नाही.

घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवा, हे सगळेच सांगतात. ते जमवायचं तर रोज संध्याकाळी दारात येऊन थोडी थोडी रक्कम खात्यात जमा करून घेणारा, बँकेचा नाहीतर पतसंस्थेचा पिग्मीवाला सगळ्यात कामाचा. पिग्मी ही उडुपीत सिंडिकेट बँकेनं 1928 मध्ये काढलेली युक्ती. रोजची रक्कम गल्ल्यातून गेली की ती घरखर्चात मुरत नाही, आणि मालाच्या वेळी सावकाराकडं जावं लागत नाही. फक्त पतसंस्था बघून घ्या आणि पासबुकात नोंद होतेय का ते स्वतः तपासा.

कागदांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. शहरात फुटपाथवर बसत असाल तर महापालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र मिळवा. त्यावर पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून पहिलं कर्ज मिळतं, आधी ते 10,000 होतं, 2025 च्या बदलानंतर 15,000. वेळेवर फेडलं की पुढचं मोठं. आसपासच्या खेड्यातून येऊन शहरात विकणाऱ्यांनाही ते आहे.

आपल्या भागाची म्हणून एक गोष्ट वर्गात कुणी सांगत नाही, पण विचारून घ्याच. एरवी मालाच्या धंद्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला तर सहसा ही सूट मिळत नाही. आपल्याला कोल्हापूर जवळ वाटतं, पण चटणीचे खोके टेम्पोत घालून तिकडं पाठवले की तो परराज्यातला व्यवहार झाला. जुलै 2025 मध्ये यूपीआयच्या आकड्यांवरून कर्नाटकातल्या छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा कित्येकांनी क्यूआर कोडच काढून टाकले. तसं करू नका. धंद्याचं खातं वेगळं उघडा, भाऊ-मेहुण्यांचे पैसे त्यावर घेऊ नका, आणि खरेदीच्या पावत्या एका पिशवीत ठेवत जा. ताज्या भाजीवर कर नाही, तरी नोटीस आलीच तर पावतीच दाखवावी लागते.

कोर्स संपल्यावर आरसेटीनं दोन वर्षं तुमची विचारपूस करायची असते. फोन आला नाही तर तुम्ही करा, आणि कर्जाचा अर्ज बँकेत अडला असेल तर कोणत्या टेबलावर अडलाय ते नेमकं सांगा.