गोल्ड कोस्टला नवीन आलात? घर बघण्याआधी ट्रामचा नकाशा बघा

फेब्रुवारी आणि जुलै आले, युनिव्हर्सिटीची सत्रं तोंडावर आली, की इथल्या मराठी ग्रुपवर हमखास एक प्रश्न येतो. ‘घर मिळतंय, बीचपासून दहा मिनिटं, भाडं बरं आहे, घेऊ का?’ मग उत्तरांचा पाऊस. कोणी किचन बघा म्हणतं, कोणी एजंटचं नाव विचारतं, कोणी शाळेचा झोन काढतं. रात्री साडेअकराला कामावरून सुटल्यावर त्या घरी पोचायचं कसं, हे मात्र कोणी विचारत नाही. उत्तरं देणाऱ्या बहुतेकांकडे आता दोन-दोन गाड्या आहेत, त्यामुळे त्यांना ते आठवतही नाही. आणि ती ‘दहा मिनिटं’ गाडीची असतात, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

गोल्ड कोस्ट म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात किनाऱ्याला चिकटून पसरलेली ५७ किलोमीटरची लांबट पट्टी. या बाबतीत हे शहर थेट मुंबईसारखं आहे: उत्तर-दक्षिण प्रवास सोपा, पूर्व-पश्चिम म्हणजे डोक्याला ताप. समुद्राला धरून वरखाली कितीही फिरा. समुद्राकडे पाठ करून आत शिरलात की बस तासाला एक होते, रविवारी त्याहून विरळ आणि रात्री बंद.

किनाऱ्याची सगळी मदार ट्रामवर. जी-लिंक हे तिचं नाव, २०१४ मध्ये ती हॉस्पिटल ते ब्रॉडबीच साउथ अशी सुरू झाली. मग २०१८ च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या आधी, २०१७ च्या डिसेंबरात, ती हेलेन्सव्हेलच्या रेल्वे स्टेशनला जोडली. आठवड्याच्या दिवसांत दिवसभर दर साडेसात मिनिटांनी एक, म्हणजे वेळापत्रक बघायची गरजच नाही. शुक्रवारी आणि शनिवारी ती रात्रभर चालते. इतर दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. ग्रिफिथ युनिव्हर्सिटी, युनिव्हर्सिटी हॉस्पिटल, साउथपोर्ट, सर्फर्स पॅरडाइज, ब्रॉडबीचचं पॅसिफिक फेअर मॉल, हे सगळं या एकाच रुळावर आहे. नवीन माणसाला पहिली नोकरी मिळते ती साधारण याच ठिकाणांपैकी कुठेतरी: हॉटेलच्या किचनमध्ये, मॉलमध्ये नाहीतर हॉस्पिटलमध्ये.

ब्रिस्बेनहून येणारी रेल्वे मात्र समुद्रावर जात नाही, हे लक्षात ठेवा. पूर्वी जायची, साउथपोर्टला आणि थेट ट्वीड हेड्सपर्यंत लाइन होती. ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद करून रूळसुद्धा उखडले. नव्वदच्या दशकात नव्याने टाकली तेव्हा किनाऱ्यावरच्या जमिनीवर इमारती उभ्या होत्या, म्हणून ती आतून हायवेच्या बाजूने नेली. हेलेन्सव्हेल, नेरांग, रोबिना, व्हार्सिटी लेक्स ही सगळी स्टेशनं बीचपासून लांब आहेत. सर्फर्सला जायचं असेल तर हेलेन्सव्हेलला उतरून ट्राम पकडायची. नकाशात नेरांग सर्फर्सच्या अगदी सरळ मागे दिसतं, म्हणून लोक तिथे उतरतात आणि मग बसची वाट बघत बसतात.

आता तो मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. दरवर्षी नवीन येणाऱ्यांतले निम्मे तरी तीच चूक करतात. कूमेरा, पिंपामा किंवा नेरांगच्या टेकड्यांकडे घर स्वस्त मिळतं. इथे भाडं आठवड्याचं सांगतात, आणि सर्फर्सच्या तुलनेत सत्तर-ऐंशी डॉलर कमी ऐकलं की माणूस मनातल्या मनात त्याचे रुपये करतो आणि सही ठोकतो. नोकरी लागते ब्रॉडबीचच्या रेस्टॉरंटमध्ये, शिफ्ट सुटते अकराला. ट्राम मिळते, हेलेन्सव्हेलपर्यंत पोचतो, पुढची बस केव्हाच गेलेली. मग उबर. आठवड्यातून दोनदा उबर केली की वाचलेले पैसे गेले, तिसऱ्यांदा केली की पदरचे गेले. लीज असते सहा किंवा बारा महिन्यांची, चार आठवड्यांच्या भाड्याइतका बाँड, म्हणजे डिपॉझिट, आधीच अडकलेला, आणि लीज मोडायची तर भुर्दंड वेगळा. मग काय करतात? कर्जाने जुनी गाडी घेतात. रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, पेट्रोल, पहिल्याच महिन्यात बिघडलेला गिअरबॉक्स. स्वस्त घरापायी एवढं सगळं.

म्हणून पहिली लीज तरी ट्रामच्या स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत घ्या. खोली लहान चालेल. जुनी इमारत चालेल. दोघांत एक बाथरूम चालेल. पायी पंधरा मिनिटं, आणि ती नकाशात मोजायची नाहीत, स्वतः चालून मोजायची.

चालून मोजायची, कारण इथले कालवे. या शहरात माणसांनी खोदलेले इतके कालवे आहेत की घरामागे बोट बांधून ठेवणारे लोक तुम्हाला जागोजागी दिसतील. नकाशात ट्रामचं स्टेशन तुमच्या घरापासून तीनशे मीटरवर दिसतं. मधे पाणी. पूल दीड किलोमीटर लांब. त्यात कालव्याच्या काठच्या गल्ल्या सगळ्या बंद तोंडाच्या, शेवटी गोल वळसा आणि परत. फ्लोरिडा गार्डन्सच्या आसपास किंवा ब्रॉडबीच वॉटर्सला घर बघायला गेलात तर एजंटबरोबर गाडीतून जाऊ नका. स्टेशनवरून निघा, दरवाज्यापर्यंत चाला. जानेवारीच्या दुपारी चाला म्हणजे खरं काय ते कळेल.

ब्रॉडबीचच्या दक्षिणेला घर बघत असाल तर एजंट सांगेल, ‘ट्राम येतेय इथे.’ बर्ली हेड्सपर्यंतच्या तिसऱ्या टप्प्याचं काम २०२२ मध्ये सुरू झालं. त्याच्यापुढे पाम बीचवरून विमानतळापर्यंत जाणारा चौथा टप्पा होता. तिथल्या बऱ्याच रहिवाशांनी ‘आम्हाला ट्राम नको’ म्हणून फलक लावले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने तो टप्पा रद्द केला. समुद्रासमोर राहणाऱ्यांना आपल्या दारावरून परकी माणसं गेलेली फारशी रुचत नाहीत, हे माझं मत. इथल्या लोकांना सांगून पाहा, ते ‘ट्रॅफिक’ म्हणतील. तुमच्यापुरता अर्थ इतकाच, की बर्लीच्या पलीकडे ट्रामच्या आशेवर एक डॉलरही जास्त भाडं देऊ नका. तिथे ७०० नंबरची बस आहे, बरीच चांगली आहे, पण ती बस आहे आणि ट्रॅफिकमध्ये सगळ्यांबरोबर उभी राहते.

विद्यार्थ्यांसाठी तीन ओळी. ग्रिफिथला असाल तर ट्राम दारात. बाँड युनिव्हर्सिटी रोबिनाच्या बाजूला, तिथे ट्राम नाही, म्हणून सर्फर्सला राहायची हौस सोडा. सदर्न क्रॉसचा कॅम्पस विमानतळाला लागून आहे. तिथे प्रवेश घेऊन साउथपोर्टला राहणारी मुलं दिवसाचे दोन-तीन तास प्रवासात घालवतात.

तिकिटाचं आता फारसं सांगण्यासारखं उरलं नाही. २०२४ च्या ऑगस्टपासून बस, ट्राम, ट्रेन, कुठूनही कुठेही ५० सेंट. आधी सहा महिन्यांची योजना होती, मग कायम झाली. साउथपोर्ट ते ब्रिस्बेन ५० सेंट. चहाचा एक कप इथे त्याच्या दसपट आहे. गो कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, घ्या किंवा बँकेचं कार्ड यंत्रावर टेकवा, पण चढताना जे टेकवलं तेच उतरताना टेकवा. चढताना फोन आणि उतरताना प्लास्टिकचं कार्ड, असं केलंत तर यंत्राच्या दृष्टीने तुम्ही दोन वेगळी माणसं, खातं एकच असलं तरी. ट्रामचं यंत्र फलाटावर असतं, गाडीत नाही. ‘एवढ्या गर्दीत कोण बघतंय’ म्हणून न टेकवता चढणारे आपल्यातही आहेत, मी नावं घेत नाही. तपासनीस साध्या चेहऱ्याने चढतात आणि दंड शेकड्यांत असतो. ५० सेंट वाचवायला.

बसला हात दाखवावा लागतो. थांब्यावर तुम्ही उभे आहात म्हणून ती थांबेल असं नाही. नीट, स्पष्ट हात बाहेर काढा. फोनमध्ये डोकं घालून उभे राहिलात तर ड्रायव्हर पुढे जाईल आणि त्यात त्याची चूक नाही. उतरताना ‘थँक यू’ म्हणायची इथे पद्धत आहे, शाळेतली पोरंसुद्धा मागच्या दारातून ओरडून म्हणतात. आपणही म्हणावं.

विमानतळ दोन आहेत आणि नवीन माणूस दोघांत गोंधळतो. भारतातून येणारे बहुतेक ब्रिस्बेनला उतरतात. तिथून सर्फर्स साधारण ९० किलोमीटर. विमानतळावरून ट्रेन सरळ गोल्ड कोस्टकडे येते, पण विमानतळाच्या त्या तुकड्याची लाइन खासगी असल्याने तिथे ५० सेंटचं भाडं लागू नाही. वेगळे पैसे पडतात. तरी तीच घ्या. रात्री दहाच्या सुमारास ती बंद होते, हे विमानाचं तिकीट काढताना बघायचं, उतरल्यावर नाही. मध्यरात्री उतरलात तर टॅक्सीचं बिल दोनशे डॉलरच्या आसपास किंवा पुढे जातं. शनिवार-रविवारी रुळांच्या कामासाठी ही लाइन वारंवार बंद असते आणि बदली बस देतात. दोन मोठ्या बॅगा, लोणच्याचा डबा आणि बदली बस, हा मेळ बसत नाही. ट्रान्सलिंकच्या, म्हणजे इथल्या सरकारी बस-ट्राम-ट्रेन सेवेच्या, ॲपवर आदल्या रात्री एकदा बघून ठेवा.

दुसरा विमानतळ कूलंगाटाला, गोल्ड कोस्टचाच. तिथून ७७७ नंबरची जलद बस ब्रॉडबीचच्या बाजूला आणते. ट्राम जसजशी दक्षिणेला सरकेल तसे या बसचे मार्ग बदलतील, म्हणून नंबरावर विसंबू नका. या विमानतळाची धावपट्टी राज्याची सीमा ओलांडते: एक टोक क्वीन्सलंडमध्ये, दुसरं न्यू साउथ वेल्समध्ये. आणि इथे येतो घड्याळाचा घोळ.

न्यू साउथ वेल्स ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे आणतं. क्वीन्सलंड तसं करत नाही. म्हणजे उन्हाळ्यात कूलंगाटात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा रस्त्यापलीकडे ट्वीड हेड्समध्ये दहा. मधे नदी नाही, नाका नाही, रस्त्याचा पांढरा पट्टा. आपल्या ओळखीतल्या एका मुलाचा ट्वीडच्या हॉस्पिटलात इंटरव्ह्यू होता, पत्रात दहा लिहिलेले. तो कूलंगाटाच्या दहाला पोचला, म्हणजे तासभर उशिरा, आणि रिसेप्शनवरच्या बाईंनी त्याला अतिशय गोड हसून परत पाठवलं. फोनवरही भरवसा नको. सीमेजवळ फोन पलीकडचा टॉवर धरतो आणि स्वतःहून तास बदलतो. त्या भागात काम असेल तर फोनची वेळ आपोआप बदलणं बंद करून ब्रिस्बेनवर लावा. विमानं क्वीन्सलंडच्या वेळेने सुटतात. ट्वीड हेड्सपर्यंत ट्रान्सलिंकची बस जाते. त्यापुढे किंग्जक्लिफकडे राज्यही दुसरं आणि तिकीटही दुसरं.

टॅक्सीबद्दल. आपली ओला २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात आली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये गाशा गुंडाळून गेली, तेव्हा ते ॲप शोधू नका. उबर आणि डीडी दोन्ही ठेवा, दोन्हीत भाव बघा. मात्र सर्फर्समध्ये गर्दी असेल तेव्हा दोन्हीचे भाव भडकतात. अशा वेळी रांगेतली मीटरची टॅक्सी स्वस्त पडते, हे पुष्कळांना माहीतच नसतं, कारण टॅक्सी महाग असं आपण मनात धरलेलं असतं. रात्री ड्रायव्हर आधी अंदाजे पैसे मागू शकतो, त्यात फसवणूक नाही. कार्डाने दिलंत तर वर थोडा अधिभार. ड्रायव्हर पंजाबी निघाला तर गप्पा होतील, सवलत होणार नाही.

वर्षात दोन वेळा सर्फर्समध्ये गाडीने किंवा उबरने शिरूच नका. एक, ऑक्टोबरमधली मोटारींची शर्यत, तेव्हा रस्तेच ट्रॅक होतात. दुसरी, नोव्हेंबरअखेरचे ‘स्कूलीज’: बारावी संपलेली हजारो पोरं तिथे येऊन धुमाकूळ घालतात. त्या आठवड्यांत ट्राम, किंवा घर.

भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर दिसतील. हेल्मेट सक्तीचं, फुटपाथवर ताशी १२ किलोमीटरच्या वर नाही. माझं मत विचाराल तर घेऊ नका.

ग्रुपवर लिफ्ट मागणं हा वेगळाच विषय आहे. पहिल्या महिन्यात मागा, लाजू नका, आम्हीही मागितल्या. पण इंडियन ग्रोसरीला दर शनिवारी त्याच वहिनींना फोन, आणि पेट्रोलचं नावही नाही, असं चार महिने चालवणारे आहेत. वहिनी तोंडावर काही म्हणत नाहीत. पुढच्या गणपतीत कोणाला बोलवायचं त्याची यादी करताना म्हणतात.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की मात्र ट्रामचं खरं मोल कळतं. मुलगा-सून कामावर, आणि म्हातारी माणसं दिवसभर घरात टीव्हीसमोर, हे चित्र मी खूप घरांत पाहिलं. ट्रामला पायरी नाही, फलाट आणि गाडी एका पातळीवर आहे, आणि ५० सेंटचं भाडं व्हिजिटर व्हिसावाल्यांनाही तेच. दोघांना वेगवेगळी गो कार्डं द्या. एका कार्डावर दोघं चालत नाहीत. घराजवळच्या स्टेशनचं नाव कागदावर देवनागरीत लिहून पाकिटात ठेवा. पहिले दोन दिवस बरोबर जा, ब्रॉडवॉटर पार्कलँड्सला उतरा, तिथे बाकं, सावली आणि स्वच्छतागृहं आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांचं ते जातील, आणि संध्याकाळी आपल्याला कुठलं दुकान कुठल्या स्टेशनवर आहे ते सांगतील.